लाकडी घरटेपेटी

झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या भोकात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांसाठी बागेत, ओसरीत किंवा परसात टांगलेल्या, पुढच्या बाजूस वाटोळे दार असलेल्या लाकडी पेटीस घरटेपेटी म्हणतात. ही पेटी म्हणजे घरटे नव्हे, कृत्रिम ढोली होय. घरटे पक्षी आत स्वतःच रचतो. साहजिकच ज्यांना ढोली लागते त्यांनाच तिचा उपयोग होतो. खानदेशातील नेहमीच्या पक्ष्यांपैकी चिमणी, दयाळ, साळुंकी, राखी वल्गुली आणि पिंगळा हे पेटी स्वीकारतात. बुलबुल, होला, शिंपी व शिंजीर उघड्यावर किंवा पानांत घरटे बांधतात आणि सुगरण आपला खोपा स्वतः विणते. पेटी लावून बुलबुलाची वाट पाहणारे बरेच भेटतात, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

पक्षिसंरक्षणासाठी पेट्या लावण्याची पद्धत यूरोपात रुजली. जर्मनीतील हान्स फोन बेर्लेप्श यांनी सुतारपक्ष्याच्या ढोलीचा आतील आकार पाहून त्याबरहुकूम ओंडके कोरून पेट्या केल्या. महाराष्ट्रात चिमण्यांच्या पेट्यांचा प्रसार प्रामुख्याने नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांनी स्थापन केलेल्या नेचर फॉरएव्हर सोसायटीमुळे झाला. २० मार्च हा दिवस २०१० पासून जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो.

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील जुन्या धाब्याच्या घरांत अशा पेटीची कोणालाच गरज भासली नाही. जाड मातीच्या भिंती, लाकडी खांब व सरे (तुळया), त्यांवर किलचने (बारीक आडवी लाकडे) आणि वर मातीचा थर अशी या घरांची रचना असे. सऱ्याचे टोक भिंतीत शिरते तेथे राहणारी फट, रिकामा कोनाडा, तिरप्या टांगलेल्या तसबिरीमागची सांदी, अशा जागी चिमण्या पिढ्यान्‌पिढ्या घरटी करीत आणि घरातील माणसे खाली पडलेला काडीकचरा कुरकुर न करता झाडून काढीत. धाब्याच्या जागी सिमेंटचा स्लॅब आला, खिडक्यांना जाळ्या लागल्या आणि या फटी बुजल्या. घरटेपेटी ही गेलेली फट परत देते. चिमण्या कमी होण्याची अन्नटंचाईसारखी इतर कारणे तिने दूर होत नाहीत.

थंड हवेच्या देशातील नमुना येथे जसाच्या तसा उचलणे धोक्याचे असते. तिकडे पेटीची काळजी मुख्यतः थंडी व ओल यांची असते. तापीकाठच्या उन्हाळ्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जातो आणि नेमक्या त्याच दिवसांत अनेक घरट्यांत पिले असतात. पत्र्याचे छप्पर असलेली किंवा पातळ प्लायवूडची पेटी अशा वेळी भट्टीसारखी तापते. बाजारात मिळणाऱ्या रंगीत, दारापुढे बसायला दांडी लावलेल्या पेट्या भिंतीला शोभा आणतात, याहून अधिक काही त्यांच्याबद्दल म्हणता येत नाही. ढोलीत राहणाऱ्या पक्ष्याला दांडी लागत नाही, मात्र कावळ्याला ती आयतीच सोय होते.

पेटीसाठी सुमारे २ सेंमी. जाडीची फळी घेतात. सातपुड्याकडचा साग उत्तम, पण महाग. जुन्या दाराच्या किंवा पलंगाच्या फळ्याही चांगल्या चालतात. चिमणीच्या पेटीला १५ सेंमी. रुंद व सव्वा मीटर लांब फळी पुरते. तिच्यातून पुढची बाजू २० सेंमी., पाठ ४० सेंमी. आणि तळासाठी १५ सेंमी.चा तुकडा कापतात. तळाची रुंदी ११ सेंमी.वर आणली की तो दोन्ही बाजूंच्या मधोमध बसतो. उरलेल्या फळीतून ४५ सेंमी.चा तुकडा घेऊन त्यावर एकच तिरका छेद दिला की मागे २५ व पुढे २० सेंमी. उंचीच्या दोन्ही बाजू निघतात आणि छपराला आपोआप उतार मिळतो. छपराला मात्र वेगळी, सुमारे २० सेंमी. रुंद व २५ सेंमी. लांब फळी लागते, म्हणजे ती दारावर पुढे येऊन पाऊस व ऊन अडवते. तिच्यावर २ सेंमी.ची पोकळी सोडून दुसरी फळी ठोकल्यास मधून हवा खेळते आणि उन्हाचा मारा वरच्या फळीवरच राहतो.

दाराचे माप हा या कामाचा गाभा आहे. चिमणीला ३२ मिमी. व्यासाचे भोक पुरते, वल्गुलीला २८ मिमी. दहा रुपयांचे नाणे २७ मिमी.चे असते, त्यामुळे ते फळीवर ठेवून त्याभोवती अडीच मिमी. सोडून वर्तुळ आखले की चिमणीचे दार मिळते. दयाळ व साळुंकी यांना सुमारे ५ सेंमी.चे भोक लागते. ते चिमणीच्या पेटीला पाडले, तर साळुंकी ताबा घेते. मोठी गिरमिट नसल्यास आखलेल्या वर्तुळावर लहान छिद्रांची माळ पाडून मधला भाग पटाशीने काढतात आणि कड कानशीने गुळगुळीत करतात. भोकाची खालची कड तळापासून सुमारे १२ सेंमी. उंच ठेवली, तर मांजराचा पंजा पिलांपर्यंत सहज पोहोचत नाही. पुढच्या फळीच्या आतील बाजूस रंधा मारू नये; खरबरीत लाकडावर नखे रोवूनच पिले दारापर्यंत चढतात. तळाला पाण्याच्या निचऱ्यासाठी आणि बाजूंना छपरालगत हवेसाठी बारीक छिद्रे पाडतात. छप्पर पाठीला बिजागरीऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने जोडले, तर ते साफसफाईसाठी उघडते आणि सांध्यातून पाणीही गळत नाही. आतून रंग किंवा व्हार्निश लावत नाहीत. बाहेरून अळशीचे तेल पुरते.

पेटी जमिनीपासून २ ते ४ मी. उंचीवर, दार पूर्वेला किंवा उत्तरेला करून लावतात. पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारचे ऊन आणि पावसाळी वाऱ्याचा झोत हे दोन्ही येतात. चिमण्या घोळक्याने राहतात, त्यामुळे दोन-तीन पेट्या जवळजवळ लावलेल्या चालतात. दयाळ मात्र आपल्या हद्दीत दुसऱ्याला येऊ देत नाही. आत गवत भरून ठेवण्याचे कारण नाही. कपाशीच्या या मुलखात चिमण्या गवताच्या काड्यांबरोबर कापसाचे पुंजके स्वतःच आणतात. नायलॉनचा दोरा व पतंगाचा मांजा मात्र परसात राहू देऊ नये, कारण तो घरट्यात विणला गेला की पिलांचे पाय त्यात अडकतात. मोठ्या चिमण्या दाणे खात असल्या तरी पिलांना त्या मुख्यतः अळ्या व किडे भरवतात. पेटीशेजारच्या झाडांवर कीटकनाशक फवारल्यास पिले उपाशी राहतात.

चिमणीची अंडी साधारणपणे दोन आठवड्यांत उबतात आणि पिले आणखी सुमारे दोन आठवड्यांनी बाहेर पडतात. या काळात पेटी उघडून पाहू नये. वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येतच येते. विणीचा हंगाम पूर्णपणे संपल्यावर जुने घरटे काढून पेटीत उकळते पाणी ओततात, त्याने उवा व गोचिडी मरतात. औषध मारीत नाहीत. नंतर पेटी उन्हात कोरडी करून पुन्हा त्याच खिळ्याला टांगतात.