बारावीच्या वयात मेडिकलची जागा : अमेरिकेतल्या ‘डीओ’ प्रवेशाची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलं हायस्कूलच्या शेवटच्या वर्षांत आली की ‘बीएस-डीओ’ची चर्चा सुरू होते. बीएस म्हणजे विज्ञानाची पदवी, डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक शाखेची डॉक्टरकीची पदवी. हायस्कूल संपताना, नाहीतर कॉलेजच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात ऑस्टिओपॅथिक मेडिकल कॉलेजात जागा राखून ठेवायची. काही ठिकाणी एमकॅटची, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचीही गरज नाही. बारावीनंतर थेट एमबीबीएसला गेलेल्या पालकांना यात विशेष काही वाटत नाही. पण अमेरिकेत आधी चार वर्षांची पदवी आणि मग मेडिकल हा रिवाज आहे, म्हणून तिथे ही मोठीच सवलत ठरते.

एक खुलासा आधीच केलेला बरा. ब्रिटनमधला ऑस्टिओपॅथ म्हणजे सांधे-स्नायूंवर हाताने उपचार करणारा तज्ज्ञ. अमेरिकेतला डीओ हा एमडीसारखाच (तिथे एमडी ही डॉक्टरकीची पहिली पदवी) पूर्ण डॉक्टर : औषधं लिहितो, शस्त्रक्रिया करतो. हाताने करायच्या उपचारांचं शिक्षण त्याला त्याशिवाय मिळतं. भारतातले नातेवाईक हमखास इथेच गोंधळतात.

या शाखेचा जनक अँड्र्यू टेलर स्टिल. १८६४ मध्ये त्याची तीन मुलं मेंदूच्या आवरणाच्या दाहाने गेली आणि त्या काळच्या औषधांवरचा त्याचा विश्वास उडाला. १८७४ मध्ये त्याने आपली पद्धत जाहीर केली आणि १८९२ मध्ये मिसुरी राज्यातल्या कर्क्सव्हिलला शाळा काढली. पहिल्याच तुकडीत बायकाही होत्या. एमडी ही पदवी देण्याची मुभा असूनही त्याने डीओ ही वेगळी पदवी दिली. त्या हट्टाची किंमत पुढच्या पिढ्यांनी बरीच मोजली.

तेव्हा प्रवेशाला पदवी लागत नसे. एमडीच्या बहुतेक शाळांतही नाही. मेडिकल शाळांच्या दर्जाची झडती घेणाऱ्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाने चित्र पालटलं. एमडीच्या कमकुवत शाळा बंद पडल्या, उरलेल्यांपैकी बऱ्याच विद्यापीठांच्या छत्राखाली गेल्या. ऑस्टिओपॅथीच्या शाळांवरही अहवालाने कोरडे ओढले, पण त्यांना ना विद्यापीठाचा आधार होता ना मोठ्या देणग्यांचा. त्या फीवर चालत राहिल्या आणि प्रवेशाच्या अटी हळूहळू वाढवत गेल्या. १९४० च्या सुमारास कॉलेजची दोन वर्षं आवश्यक झाली, नंतर तीन. पदवी घेऊन येणं पुढे सर्रास झालं, तरी ती सक्तीची झाली नाही. आजही मान्यतेच्या नियमानुसार पदवीसाठी लागणाऱ्या क्रेडिट्सपैकी ७५ टक्के पुरतात. ‘३+४’ (तीन वर्षं पदवी कॉलेज, चार वर्षं मेडिकल) हा सात वर्षांचा मार्ग याच फटीतून निघतो.

१९६२ मध्ये कॅलिफोर्नियात या शाखेचं अस्तित्वच पणाला लागलं. तिथल्या एमडींची आणि डीओंची अशा दोन वैद्यकीय संघटना एक झाल्या आणि ऑस्टिओपॅथिक कॉलेज एमडीचं झालं. दोन हजारांवर डीओंनी ६५ डॉलर भरून एमडी पदवी घेतली! देशात डीओची पाचच कॉलेजं उरली.

ती वाचली ती डॉक्टरांच्या टंचाईमुळे. १९५९ च्या बेन अहवालाने टंचाईचा इशारा दिला होता. १९६१ मध्ये नॉर्थवेस्टर्न आणि बॉस्टन या विद्यापीठांनी हायस्कूलमधून थेट एमडीपर्यंत नेणारे छोटे अभ्यासक्रम काढले. १९७१ मध्ये मिसुरी विद्यापीठाने कॅन्सस सिटीत सहा वर्षांचा सुरू केला. म्हणजे लवकर प्रवेशाची कल्पना मुळात डीओवाल्यांची नव्हे. त्याच सुमारास मिशिगन, टेक्सास, ओक्लाहोमा, वेस्ट व्हर्जिनिया या राज्यांना खेड्यापाड्यांत राहणारे फॅमिली डॉक्टर हवे होते, म्हणून त्यांनी ऑस्टिओपॅथिक कॉलेजांना बळ दिलं. १९७३ मध्ये मिसिसिपीने परवानगी दिली आणि डीओंना सगळ्या राज्यांत पूर्ण वैद्यकीय व्यवसायाची मोकळीक मिळाली.

कल्पना डीओकडे फोफावली त्याचं कारण, माझ्या मते, साधी गरज. पेनसिल्वेनियातल्या ईरी शहरात १९९२ मध्ये स्थापन झालेलं लेक ईरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिन, म्हणजे लेकॉम, घ्या. नव्या कॉलेजाला स्वतःचं पदवी कॉलेज नाही, नावाचा दबदबा नाही. दुसरीकडे लहान गावांतल्या खासगी पदवी कॉलेजांना विद्यार्थी ओढायला काहीतरी हवं होतं. ‘आमच्याकडे या, मेडिकलची जागा राखीव’ याहून मोठं आमिष कोणतं? लेकॉमने अशा कितीतरी कॉलेजांशी करार केले. इतरांचेही असे करार आहेत, आणि कर्क्सव्हिलच्या मूळ शाळेतही आता ‘स्टिल स्कॉलर्स’ नावाची लवकर प्रवेशाची योजना आहे.

२०२० पर्यंत एमडी आणि डीओ यांच्या रेसिडेन्सीची (पदवीनंतर हॉस्पिटलात घ्यायच्या प्रशिक्षणाची) मान्यताव्यवस्थाही एक झाली, त्यामुळे ‘पुढे जागा मिळेल का’ ही पालकांची जुनी धास्ती थोडी ओसरली. आज डीओची कॉलेजं चाळीसच्या वर आहेत आणि अमेरिकेत मेडिकल शिकणाऱ्या दर चार विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक जण तिथे आहे.

राखीव जागा मात्र बिनशर्त नसते. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ठरावीक रेषेखाली घसरला की ती जाते. काही करारांत दुसरीकडे अर्ज केला तरी जाते. ‘३+४’मध्ये तर पदवीचं चौथं वर्ष हे मेडिकलच्या पहिल्या वर्षातून भरून निघतं. तिसऱ्या वर्षाअखेरीस मुलीचं मन पालटलं, तर तिच्या हातात तोवर ना बीएस असते ना डीओ. राहिलेलं वर्ष फी भरून पुरं करावं लागतं.