सागरी गाळातील गोड्या पाण्याची शैवले

सागरी अवसादांत सापडणाऱ्या गोड्या पाण्यातील शैवलांच्या जीवाश्मांवरून प्राचीन किनारा, नद्या व हवामान यांचा अंदाज बांधण्याची पद्धत. ती बहुतांशी परागाणुविज्ञानात (परागकण, बीजाणू इ. सूक्ष्म अवशेषांच्या अभ्यासात) मोडते. गाळावर हायड्रोक्लोरिक व नंतर हायड्रोफ्लुओरिक अम्लाची प्रक्रिया केली की चुना व वाळू जाते. परागकण, बीजाणू आणि चिवट भित्तीची शैवले उरतात. त्यांत पेडिअ‍ॅस्ट्रम व बोट्रिओकॉकस या प्रजाती मुख्य होत.

पेडिअ‍ॅस्ट्रमची चपटी चकती ओळखायला सोपी असते : ८, १६, ३२ वा ६४ कोशिका एकमेकींना चिकटून बसलेल्या आणि कडेच्या कोशिकांना बहुधा दोन-दोन शिंगे. बोट्रिओकॉकसचा पुंजका द्राक्षाच्या घोसासारखा दिसतो. तो स्वतःच्या तेलामुळे तरंगत दूर जातो व मचूळ पाणीही सोसतो. म्हणून पुरावा या नात्याने पेडिअ‍ॅस्ट्रमला अधिक वजन द्यावे. करंडक शैवलांची (डायाटमांची) भित्ती सिलिकेची असल्याने हायड्रोफ्लुओरिक अम्लात ती नाहीशी होते. त्यांच्यासाठी नमुन्याचा काही भाग आधीच वेगळा काढावा लागतो.

ही शैवले समुद्रात आली कशी, हा जुना वाद आहे. अटलांटिकवर जहाजांवर पडणाऱ्या धुळीच्या पाच पुड्या डार्विन यांनी जर्मन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ एरेनबेर्ख यांच्याकडे पाठविल्या होत्या. त्यांत ६७ प्रकारचे सेंद्रिय अवशेष आढळले आणि सूक्ष्मजीवांपैकी दोन जाती वगळता बाकी सर्व गोड्या पाण्यातील निघाले; हा वृत्तांत १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९५७ मध्ये करंडक शैवलांचे अभ्यासक कोल्बे यांनी अटलांटिकच्या खोल तळाच्या गाळात गोड्या पाण्यातील करंडक शैवले नोंदविली. काहींनी बुडालेल्या भूमीची कल्पना पुढे केली. ती आता कोणी मानत नाही. तळालगत उतारावरून धावणारे गढूळ प्रवाह की वारा, एवढाच प्रश्न उरतो. आफ्रिकेच्या पश्चिमेकडील गाळापुरते वाऱ्याचे मत अधिक सयुक्तिक वाटते. नदीमुखाजवळ मात्र प्रवाह नाकारता येत नाहीत.

या निवडीवर अर्थ उलटतो. कोरड्या पडलेल्या तळ्यातून उडालेली ऑलॅकोसायरा (जुने नाव मेलोसायरा) ही करंडक शैवले अवर्षण सांगतात, तर नदीने वाहून आणलेले पेडिअ‍ॅस्ट्रम भरपूर पाऊस सांगते. जुन्या खडकांतून झिजून पुन्हा निक्षेपित झालेले नमुनेही फसवतात. अतिनील प्रकाशात त्यांची चमक मंदावलेली दिसल्यास तशी शंका घ्यावी. कोणत्याही एका प्रजातीवरून निष्कर्ष काढू नये. सोबत डायनोफ्लॅजेलेट (बहुतांशी सागरी एकपेशीय जीव) किती आहेत, हेही मोजावे.

मुंबईत नदीमार्ग डोळ्यांसमोर आहे. पावसाळ्यात विहार व पवई तलाव भरून वाहतात, ते पाणी मिठी नदीतून माहीमच्या खाडीत व तेथून अरबी समुद्रात जाते. त्याच महिन्यांत वारा समुद्राकडून जमिनीकडे वाहतो. त्यामुळे येथील किनारी गाळात गोडे शैवल मिळाल्यास प्रथम ओढ्या-नद्यांकडेच पाहावे. वरळीचे बेडकांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध असलेले थर याच्याशी गल्लत करून वाचू नयेत. बेसाल्ट लाव्हाच्या दोन प्रवाहांमधील ते थर बहुधा पुरानूतन (पॅलिओसीन) काळाच्या आरंभीचे असून मुळातच गोड्या पाण्यात साचले आहेत. मुंबई बेटाच्या भूविज्ञानावर १८५२ मध्ये लिहिणारे हेन्री जॉन कार्टर यांनीच येथील गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीवांचाही अभ्यास केला होता.