चेंडूतली हवा आणि विसरलेले 14.7 पौंड

सुपर बोलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या अंतिम सामन्याच्या, आधीचे दोन आठवडे म्हणजे अमेरिकेतल्या फुटबॉलवेड्यांसाठी निव्वळ चर्चेचा काळ. उपांत्य सामने आटोपलेले असतात आणि अंतिम सामना दारात उभा असतो. कोणाचा बचाव भक्कम, कोणाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) भरात, कोणाचा गुडघा दुखावलेला, यावर घराघरांत खल चालतो. 2015 च्या जानेवारीत मात्र या सगळ्याला मागे सारून लोक वायूंच्या नियमांवर भांडत होते. रेडिओवरच्या क्रीडा कार्यक्रमांना फोन करणारे श्रोते केल्विन तापमानाचे हिशेब मांडत होते. अकरावीच्या पुस्तकातलं आदर्श वायूचं समीकरण एका देशाच्या रोजच्या बोलण्यात आलं होतं. विज्ञानावर प्रेम असणाऱ्या कोणालाही हेवा वाटावा असे ते दिवस होते, आणि त्यांतून शिकण्यासारखं जे आहे ते समीकरणाच्या बरंच पलीकडचं आहे.

आधी प्रसंग सांगतो. 18 जानेवारी 2015 रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फॉक्सबरो गावी, जिलेट स्टेडियमवर, न्यू इंग्लंड पेट्रियट्स आणि इंडियानापोलिस कोल्ट्स यांच्यात उपांत्य सामना झाला. त्याच दिवशी दुसरा उपांत्य सामना सिअॅटलला होता. तिथे प्रेक्षकांच्या उड्यांनी जमीन किती हादरते हे मोजायला भूकंपशास्त्रज्ञांनी स्टेडियममध्ये यंत्रं बसवली होती. तो एका वेगळ्या लेखाचा विषय आहे. फॉक्सबरोत पाऊस पडत होता आणि थंडी होती. मध्यंतराआधी, दुसऱ्या सत्रात पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी याने फेकलेला एक चेंडू कोल्ट्सच्या डिक्वेल जॅक्सनने मधेच पकडला. तो चेंडू कोल्ट्सच्या लोकांच्या हाती गेला आणि त्यात हवा कमी असल्याचा संशय पंचांपर्यंत पोहोचला.

इथे एक नियम ठाऊक हवा. अमेरिकन व्यावसायिक फुटबॉलमध्ये आक्रमण करताना प्रत्येक संघ स्वतःचे चेंडू वापरतो. सामन्याआधी पंच ते तपासतात. चेंडूतला दाब दर चौरस इंचाला 12.5 ते 13.5 पौंड असायला हवा. ब्रेडीला मऊ चेंडू आवडतो, म्हणून पेट्रियट्सचे चेंडू अगदी खालच्या मर्यादेवर, 12.5 वर ठेवलेले होते. कोल्ट्सचे 13 च्या आसपास होते. चेंडूत हवा कमी असली की तो बोटांत नीट बसतो, आणि ओल्या, गार हातांना ही पकड मोलाची असते. मध्यंतरात पंचांनी पेट्रियट्सचे 11 चेंडू मोजले. सगळे 12.5 च्या खाली होते.

सामना पेट्रियट्सने 45-7 असा जिंकला. मध्यंतराला गुणफलक 17-7 होता. त्यानंतर चेंडूंत पुन्हा हवा भरली गेली आणि उरलेल्या वेळात पेट्रियट्सने आणखी 28 गुण मिळवले, कोल्ट्सना एकही मिळाला नाही. म्हणजे निकालावर चेंडूचा परिणाम झाला असं कोणी म्हणू शकत नव्हतं. प्रश्न लबाडीचा होता. कोणी मुद्दाम हवा काढली की थंडीनेच दाब उतरला?

पेट्रोल पंपावर गाडीत हवा भरताना आपण ‘बत्तीस टाका’ म्हणतो, ते हेच पौंड. पण ते नेमके कशाचे बत्तीस? दाबमापी टायरमधला सगळा दाब दाखवत नाही. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे, एवढंच तो दाखवतो. पंक्चर होऊन पूर्ण बसलेल्या टायरला दाबमापी लावला तर काटा शून्यावर राहतो, पण आत हवा असतेच, बाहेर आहे तितक्याच दाबाची. समुद्रसपाटीला हा वातावरणाचा दाब दर चौरस इंचाला सुमारे 14.7 पौंड असतो. दाबमापीवर 12.5 दिसणाऱ्या चेंडूतला खरा दाब त्यामुळे 12.5 अधिक 14.7, म्हणजे 27.2 पौंड असतो.

हे 14.7 पौंड त्या दोन आठवड्यांत भल्याभल्यांनी विसरले. चेंडूतल्या वायूचे रेणू सतत आतल्या भिंतीवर आदळत असतात आणि त्या धडकांची बेरीज म्हणजे दाब. तापमान उतरलं की रेणूंचा वेग कमी होतो, धडका सौम्य आणि विरळ होतात, दाब घटतो. आकारमान बदललं नाही तर दाब हा केल्विन तापमानाच्या प्रमाणात बदलतो. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-लुसाक याच्या नावाने आपण हा नियम शिकतो. पण नियम लागू होतो तो सगळ्या दाबाला. रेणूंना वातावरणाच्या वरचा आणि खालचा दाब असा फरक कळत नाही.

हिशेब करून बघू. चेंडू तपासले त्या खोलीचं तापमान 67 ते 71 अंश फॅरेनहाइट होतं, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ते पावणेबावीस अंश सेल्सिअस. मैदानावर 48 अंश फॅरेनहाइट, म्हणजे सुमारे 9 अंश सेल्सिअस. खोली 71 अंशांवर होती असं धरलं तर केल्विनमध्ये तापमान सुमारे 294.8 वरून 282 वर आलं, म्हणजे जेमतेम सव्वाचार टक्क्यांनी घटलं. ही घट नुसत्या 12.5 वर लावली तर उत्तर येतं 11.96, म्हणजे फरक अर्ध्या पौंडाचा. तीच 27.2 वर लावून मग 14.7 वजा केले तर उत्तर येतं 11.32, म्हणजे फरक जवळजवळ 1.2 पौंडांचा. एक बेरीज राहून गेली की थंडीचा परिणाम निम्म्याहून कमी दिसतो आणि समोरचा माणूस दुपटीने लबाड वाटू लागतो.

प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ नील डिग्रास टायसन यांचंही इथेच चुकलं. पेट्रियट्सचं म्हणणं खरं मानायचं तर चेंडूंत 125 अंश फॅरेनहाइट तापमानाची हवा भरलेली असायला हवी, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. वातावरणाचा दाब धरायचा राहिला हे लक्षात आल्यावर त्यांनी चूक उघडपणे मान्य केली आणि आकडा 90 च्या आसपास आणला. मला त्यांची ही दुरुस्ती फार मोलाची वाटते. लाखो लोक वाचत असताना आपलं गणित चुकलं असं सांगणारे जाणकार थोडे असतात.

पण टायसन यांचा दुरुस्त आकडाही ज्या माहितीवर उभा होता, तीच चुकीची होती. सामन्यानंतर दोनच दिवसांत बातमी आली होती की पेट्रियट्सच्या 12 पैकी 11 चेंडूंत नियमापेक्षा 2 पौंड हवा कमी होती. चाहते, पत्रकार आणि शास्त्रज्ञ, सगळे हे 2 पौंड कसे उतरले याचीच उत्तरं शोधत बसले. प्रत्यक्ष मोजमापं मे महिन्यात बाहेर आली, तेव्हा अकरापैकी एकही चेंडू दोन्ही दाबमापींवर 2 पौंडांनी उतरलेला नव्हता.

लीगने नेमलेले वकील टेड वेल्स यांचा अहवाल 6 मे 2015 रोजी आला. त्यातलं शास्त्रीय काम एक्स्पोनंट या सल्लागार कंपनीने केलं होतं. मध्यंतराला पेट्रियट्सचे चेंडू वायूच्या नियमानुसार 11.32 ते 11.52 पौंड दाखवायला हवे होते, असा तिचा हिशेब. वर आपण काढलेलं उत्तर याच पट्ट्याचं खालचं टोक आहे.

प्रत्यक्षात काय दिसलं? मध्यंतरात दोन पंचांनी दोन वेगळ्या दाबमापींनी तेच 11 चेंडू मोजले. एकाची सरासरी आली 11.49 आणि दुसऱ्याची 11.11. चेंडू तेच, खोली तीच, काही सेकंदांचं अंतर, आणि उत्तरांत जवळजवळ 0.4 पौंडाचा फरक! दोन दाबमापींपैकी एकावर कंपनीचं चिन्ह होतं, दुसऱ्यावर नव्हतं. चिन्हवाला दाबमापी नेहमीच 0.3 ते 0.4 पौंड जास्त दाखवतो हे नंतरच्या चाचण्यांत सिद्ध झालं.

आता सगळं प्रकरण एका प्रश्नावर येऊन ठेपतं. सामन्याआधी मुख्य पंच वॉल्ट अँडरसन यांनी कोणत्या दाबमापीने 12.5 हा आकडा पाहिला होता? चिन्हवाल्याने पाहिला असेल, तर मध्यंतराचा आकडाही चिन्हवाल्याचाच घ्यायचा. तो 11.49 आहे, अपेक्षित पट्ट्याच्या आत. मग दाब उतरण्याचं कारण म्हणून थंडी पुरेशी आहे. बिनचिन्हाच्या दाबमापीने पाहिला असेल, तर 11.11 ची तुलना 11.32 ते 11.52 शी करायची, आणि 0.2 ते 0.4 पौंड हवेचा हिशेब लागत नाही. अँडरसन यांना स्वतःला चिन्हवाला दाबमापी वापरल्याचं आठवत होतं, पण त्यांनी ते त्या वेळी लिहून ठेवलेलं नव्हतं. अहवालाने त्यांच्या इतर आठवणींवर विश्वास ठेवला आणि नेमकी ही आठवण बाजूला सारली. ज्या फरकावरून माणसांना दोषी ठरवायचं होतं, तो दोन मापकांच्या आपसांतल्या फरकाएवढाच होता. प्रयोगशाळेतल्या कोणालाही इथे थांबावंसं वाटेल.

कोल्ट्सच्या चेंडूंचा युक्तिवादही अहवालात होता. त्यांचे चेंडू थंडीत असूनही 12.5 च्या आसपासच राहिले, मग पेट्रियट्सचेच का उतरले? प्रश्न रास्त वाटतो, पण त्यात काळ विसरला जातो. थंड चेंडू गरम खोलीत आणला की मिनिटामिनिटाला आतली हवा तापते आणि दाब चढतो. पेट्रियट्सचे चेंडू आधी मोजले गेले, कोल्ट्सचे मागाहून. त्यांचेही चारच मोजून झाले, कारण मध्यंतर संपत आलं होतं. 13 पासून सुरू झालेल्या चेंडूचं मैदानावरचं अपेक्षित उत्तर 11.8 ते 12 येतं. कोल्ट्सचे चेंडू त्याहून बरेच वर होते, म्हणजे ते खोलीत तापलेले होते हे उघड आहे. मात्र किती मिनिटं तापले याची नोंद नाही. पेट्रियट्सच्या चेंडूंत हवा भरण्याचं काम मधेच झालं की शेवटी, यावरही पंचांच्या आठवणी जुळत नव्हत्या. त्यातच भिजलेलं चामडं. त्यावरचं पाणी बाष्प होताना चेंडूतली उष्णता घेऊन जातं, त्यामुळे ओला चेंडू कोरड्यापेक्षा सावकाश तापतो. कोणता चेंडू किती ओला होता, तेही कोणी लिहिलं नाही.

एमआयटीतले यांत्रिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक जॉन लेनर्ड यांनी या आकड्यांचा कसून अभ्यास केला, त्यावर व्याख्यान दिलं आणि पेट्रियट्सच्या चेंडूंचा दाब वायूच्या नियमाशी जुळतो असा निष्कर्ष काढला. त्यांची आकडेमोड कोणीही तपासून पाहू शकतो, आणि मला ती पटते. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी, अहवाल केवळ भौतिकशास्त्रावर उभा नव्हता. सामन्याआधी पेट्रियट्सच्या एका कर्मचाऱ्याने चेंडूंच्या पिशव्या घेऊन स्वच्छतागृहात सुमारे 100 सेकंद काढले होते. हवेविषयीचे मोबाइलवरचे संदेशही सापडले होते. वेल्स यांनी गैरप्रकार ‘झाला नसण्यापेक्षा झाला असण्याची शक्यता जास्त’ असं म्हटलं. ब्रेडीवर चार सामन्यांची बंदी आली, संघाला 10 लाख डॉलर दंड झाला. सप्टेंबर 2015 मध्ये न्यायालयाने बंदी उठवली, एप्रिल 2016 मध्ये वरच्या न्यायालयाने ती पुन्हा लागू केली. हा खटला लीगप्रमुखांच्या अधिकारांवर लढला गेला. चेंडूतून खरोखर हवा काढली का, हे ठरवणं त्या न्यायालयांचं काम नव्हतं.

त्या वर्षीचा सुपर बोल 1 फेब्रुवारीला अॅरिझोनातल्या ग्लेनडेलला झाला. आपल्याकडे त्यासाठी सोमवारी पहाटे पाचला उठावं लागतं. पेट्रियट्सने सिअॅटलला 28-24 असं हरवलं. शेवटच्या अर्ध्या मिनिटात गोलरेषेपासून एका यार्डावरून फेकलेला सिअॅटलचा चेंडू माल्कम बटलरने पकडला, आणि तो क्षण फुटबॉल पाहणारे आजही विसरलेले नाहीत.

पुढच्या हंगामात लीगने नियम कडक केले. चेंडूंना क्रमांक आले, सामन्याआधीचा दाब नोंदवला जाऊ लागला, काही सामन्यांत मध्यंतरालाही चेंडू तपासले गेले. वर्षभर वेगवेगळ्या तापमानात घेतलेली मोजमापं! वाद मिटवायला याहून चांगली सामग्री मिळाली नसती. पण लीगने ते आकडे कधीच प्रसिद्ध केले नाहीत. ही फक्त अधूनमधूनची तपासणी होती, संशोधन नव्हतं, अशी भूमिका लीगप्रमुख रॉजर गुडेल यांनी घेतली. मला याचं फार वाईट वाटतं. दोन आठवडे एका देशाला भौतिकशास्त्राची भूक लागली होती, आणि ती भागवणारे आकडे कपाटात राहिले.

त्याच हंगामात, 10 जानेवारी 2016 रोजी, मिनियापोलिसला वायकिंग्ज आणि सिअॅटल या संघांचा बाद फेरीतला सामना उणे 21 अंश सेल्सिअसमध्ये सुरू झाला. 21 अंशांच्या खोलीत 13 पौंडांवर भरलेला चेंडू त्या थंडीत पूर्ण गारठला, तर दाबमापीवर किती दिसेल? 13 मध्ये 14.7 मिळवा, 252 ने गुणा, 294 ने भागा, 14.7 वजा करा. उत्तर 9 च्या आसपास येतं.