घर आणि वस्ती यांचे जनगणनेतील वर्गीकरण

राष्ट्रीय जनगणनेत देशातला प्रत्येक निवारा आणि निवाऱ्यांचा प्रत्येक समूह ठरावीक व्याख्यांच्या आधारे कोणत्या तरी एका प्रकारात नोंदवला जातो. या पद्धतीला घर व वस्ती वर्गीकरण म्हणतात. त्यात दोन वेगळे प्रश्न असतात. पहिला घराचा : ही जागा राहण्याची आहे का, तिला स्वतंत्र घर म्हणायचे का, ती कशाची बांधलेली आहे. दुसरा वस्तीचा : ही घरे गावात मोडतात की शहरात, नियोजित वसाहतीत की झोपडपट्टीत, की रानात एकेकटी विखुरलेली आहेत. दोन्ही उत्तरे एकमेकांत मिसळली की आकडे फसवतात. पक्के घर झोपडपट्टीत असू शकते आणि मोडकळीला आलेले घर सधन वसाहतीतही.

जनगणनेच्या कामात घरांची यादी आधी होते, माणसांची मोजणी नंतर. देशाचे लहान लहान प्रगणन गट पाडले जातात. प्रगणक आपल्या गटातल्या इमारतींना क्रमांक देतो, घरयादी तयार करतो आणि त्या यादीवरूनच पुढे कुटुंबांपर्यंत पोचतो. जे घर यादीत आले नाही, त्यातली माणसेही बहुधा निसटतात. जिन्याखालची खोली, गोदामाचा माळा, बांधकामावरच्या मजुरांचे पत्र्याचे खोपटे यांना घर म्हणायचे की नाही, यावर तिथल्या माणसाचे देशाच्या हिशेबात असणे-नसणे ठरते. म्हणून हा वरवर कारकुनी वाटणारा विषय फार जपून हाताळावा लागतो.

इंग्लंडमध्ये १८०१ च्या पहिल्या जनगणनेत वसलेली घरे, त्यांत राहणारी कुटुंबे आणि रिकामी घरे असे आकडे मागवले गेले. १८९१ मध्ये पाचपेक्षा कमी खोल्यांत राहणाऱ्यांना खोल्यांची संख्याही विचारली गेली, म्हणजे दाटीवाटीचा हिशेब मांडता यावा. अमेरिकेने १९४० मध्ये लोकसंख्येच्या जोडीने घरांची देशव्यापी गणना प्रथमच केली. पुढे संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्या व गृहगणनेसाठी शिफारशी तयार केल्या. अनेक देश त्यांचा सांगाडा घेतात आणि त्यावर आपापल्या गरजेचे प्रकार चढवतात.

या शिफारशींनुसार घर दोन कसोट्यांवर ठरते. एक, वेगळेपण : भिंती आणि छप्पर यांमुळे आत राहणाऱ्यांना इतरांपासून आडोसा मिळतो. दोन, स्वतंत्र वाट : रस्त्यावरून किंवा सामाईक जिना, बोळ, अंगण यांतून थेट आत जाता येते, दुसऱ्याच्या खोलीतून जावे लागत नाही. भारताच्या जनगणनेने सगळा भर दारावर दिला आहे. रस्ता, सामाईक अंगण किंवा जिना यांकडे उघडणारे वेगळे मुख्य दार असेल, तर ती इमारत किंवा तिचा तेवढा भाग ‘जनगणना घर’ होतो. मग आत कोणी राहत असो, दुकान असो, देऊळ असो की दाराला कुलूप असो. २०११ मध्ये अशी सुमारे ३३ कोटी घरे नोंदली गेली, कुटुंबे मात्र सुमारे २५ कोटी होती. व्याख्या न वाचता हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर देशात आठ कोटी घरे ओस पडली आहेत असा भलताच निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात रिकामी घरे अडीच कोटींच्या आसपास होती. बाकीच्यांत मुख्यतः दुकाने, कार्यालये, शाळा, कारखाने, प्रार्थनास्थळे असा पसारा होता.

घर आणि कुटुंब वेगळे ठेवणे ही या कामातली सर्वांत अवघड शिस्त. कुटुंब ठरवण्याच्या दोन रीती आहेत, एक चुलीची आणि एक छताची. चुलीच्या रीतीत एकत्र जेवणखाण करणारे ते एक कुटुंब. एकाच घरात दोन भावांच्या चुली वेगळ्या असतील तर कुटुंबे दोन. छताच्या रीतीत एका घरात राहणारे सगळे मिळून एकच कुटुंब. दुसरी रीत सोपी आहे, पण तिची किंमत मोठी आहे. एका घराला एकच कुटुंब हे गृहीतच धरल्यावर, जागा न मिळाल्याने एका छताखाली नाइलाजाने राहणारी दोन कुटुंबे आकड्यांतून नाहीशी होतात. घरांच्या टंचाईचा तोच तर थेट पुरावा असतो. माझ्या मते जिथे टंचाई मोजायची आहे तिथे चुलीची रीत सोडू नये.

संयुक्त राष्ट्रांच्या मांडणीत निवासस्थानांचे दोन मुख्य गट आहेत : घरे आणि सामूहिक निवासस्थाने. घरांमध्ये नेहमीची कायमस्वरूपी घरे येतात आणि त्यांखेरीज अर्धकायम, फिरती, अनौपचारिक घरे, तसेच राहण्यासाठी न बांधलेल्या पण वसलेल्या जागाही येतात. मंगोलियातला गेर हा गोल तंबू उकलून दुसरीकडे नेता येतो, तरी तिथल्या जनगणनेत तो घरांचा स्वतंत्र प्रकार आहे. सामूहिक निवासस्थानांत वसतिगृहे, तुरुंग, रुग्णालये, बराकी, मठ, छावण्या मोडतात. तुरुंगाच्या आवारात तुरुंगाधिकारी सहकुटुंब वेगळ्या बंगल्यात राहत असेल, तर तो बंगला तुरुंगात धरत नाहीत. ते एक स्वतंत्र घर.

बांधकामाचे साहित्य हा निकष पारदर्शक वाटतो, कारण भिंत विटांची की कुडाची हे प्रगणकाला डोळ्यांनी दिसते. खरी अडचण नंतरच्या गटवारीत येते. भारतात भिंत आणि छप्पर दोन्ही टिकाऊ साहित्याची असली तर घर ‘कायम’, दोहोंपैकी एकच तसे असले तर ‘अर्धकायम’, दोन्ही नसली तर ‘तात्पुरते’. टिकाऊ साहित्याच्या यादीत भाजलेल्या विटा, दगड, काँक्रीट यांच्या रांगेत धातूचे आणि अॅस्बेस्टॉसचे पत्रेही बसतात. त्यामुळे चारही बाजूंनी पत्रे ठोकलेली, उन्हाळ्यात भट्टीसारखी तापणारी खोली ‘कायम’ ठरते आणि जाड मातीच्या भिंतींचे, गवताने शाकारलेले, पिढ्यान्‌पिढ्या नांदते घर ‘तात्पुरते’. यात गणकाची चूक नाही. साहित्याच्या वर्गवारीतून राहण्यायोग्यतेचा अर्थ काढणाऱ्याची मात्र आहे. म्हणून जमीन, भिंत आणि छप्पर यांचे साहित्य वेगवेगळे नोंदवून तसेच प्रसिद्ध करणे महत्त्वाचे. ज्याला वेगळी गटवारी हवी, त्याला ती करता येते.

घराची अवस्था नोंदवणे याहून नाजूक. अमेरिकेच्या १९६० च्या जनगणनेत घरांची सुस्थितीतली, ढासळत चाललेली आणि मोडकळीला आलेली अशी तीन प्रकारांत विभागणी केली होती. एकाच घराबद्दल वेगवेगळ्या प्रगणकांची मते वेगळी पडतात हे पडताळणीत दिसल्यावर १९७० मध्ये ही पाहणी सोडून दिली गेली आणि नळ, शौचालय, स्वयंपाकघर अशा मोजता येण्याजोग्या सोयींवर भर राहिला. भारतात २०११ पर्यंत चांगले, राहण्याजोगे, मोडकळीला आलेले असे तीन रकाने होते. ते उपयोगी आहेत, पण दोन जिल्ह्यांची तुलना त्यांवरून करताना हात आखडता ठेवावा.

ज्यांना घरच नाही त्यांचे काय? पदपथावर, उड्डाणपुलाखाली, मोठ्या सिमेंटच्या नळांत, रेल्वे फलाटांवर राहणाऱ्यांना भारतात ‘बेघर कुटुंबे’ या वर्गात घेतात आणि त्यांची मोजणी एका रात्रीत उरकतात. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि सुमारे १७.७ लाख माणसे नोंदली गेली. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागाने २०१२ मध्ये बेघरपणाची जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात अतोनात दाटीच्या घरांत राहणारेही बेघर धरले जातात. तिथे छप्पर असूनही माणूस बेघर असू शकतो, इथे छप्पर नसणे हीच अट. या दोन आकड्यांची तुलना करणे व्यर्थ आहे, तरी ती सर्रास होते.

वस्तीच्या वर्गीकरणात पहिला पेच सीमेचा. प्रशासकीय गाव किंवा नगरपालिका ही कागदावरची हद्द. वस्ती म्हणजे प्रत्यक्षात एकत्र वसलेली घरे. एका महसुली गावात चार वाड्या असू शकतात आणि एक सलग शहर तीन पालिकांत पसरलेले असू शकते. डेन्मार्क, स्वीडन यांसारखे देश हा पेच अंतराने सोडवतात : घरांमधले अंतर साधारण २०० मीटरच्या आत आणि माणसे किमान २००, की झाली वस्ती. जपानमध्ये १९५३ नंतरच्या मोठ्या विलीनीकरणांमुळे शहरांच्या हद्दीत भातशेती आणि डोंगर आले आणि ‘शहर’ या शब्दाला अर्थ उरला नाही. तेव्हा तिथे १९६० च्या जनगणनेपासून ‘दाट वस्तीचे क्षेत्र’ ही नवी कोटी आली : दर चौरस किलोमीटरला सुमारे ४,००० माणसे आणि एकूण किमान ५,०००.

भारतात नागरी वस्ती दोन वाटांनी ठरते. महानगरपालिका, नगरपालिका, कटक मंडळ असलेली ती सांविधिक नगरे. बाकीच्या गावांना तीन अटी लागतात : लोकसंख्या किमान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेर आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००. तिन्ही पाळणारे गाव ‘जनगणना नगर’ होते. अशी नगरे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. त्यांचा कारभार ग्रामपंचायतीकडेच राहतो. जनगणना त्यांना शहर म्हणते, पण नगरपालिकेचे अधिकार आणि निधी त्या नावाबरोबर येत नाहीत. कामगारांची अट फक्त पुरुषांवर का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. घरचा पुरुष शहरात कामाला आणि बाई शेतात, असे असंख्य गावांत घडते, आणि या अटीत त्या बाईचे काम दिसतच नाही.

देशोदेशींचे हे निकष जुळत नसल्याने संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२० मध्ये ‘नागरीकरणाची श्रेणी’ ही सामाईक पद्धत मान्य केली. तिच्यात जगावर एक चौरस किलोमीटरच्या चौकटींची जाळी अंथरली जाते. सलग चौकटींत घनता १,५०० आणि एकूण माणसे ५०,००० असतील तर नागरी केंद्र. ३०० आणि ५,००० असतील तर नागरी समूह. उरलेला भाग ग्रामीण. ती देशांतर्गत व्याख्यांच्या जागी आणायची नाही, त्यांच्या शेजारी ठेवायची आहे.

झोपडपट्टी हा प्रकार घर आणि वस्ती यांच्या सांध्यावर बसतो. भारतात अधिसूचित आणि मान्य झोपडपट्ट्यांखेरीज ‘ओळखलेल्या’ झोपडपट्टीसाठी किमान ३०० माणसांचा किंवा सुमारे ६०-७० कुटुंबांचा सलग, गर्दीचा, सोयींची वानवा असलेला भाग लागतो. चाळीस झोपड्या तशाच हालात असल्या तरी या कसोटीत बसत नाहीत. दक्षिण आफ्रिकेने यावर नेमकी तोड काढली. तिथे झोपडीचे दोन प्रकार वेगळे मोजतात : दुसऱ्याच्या घराच्या परसात उभारलेली आणि तशी नसलेली, म्हणजे बहुतेक करून अनौपचारिक वस्तीतली. भिंती त्याच, छप्पर तेच. पण परसातल्या झोपडीला शेजारच्या घराचा नळ आणि वीज मिळण्याची शक्यता असते, तर दुसरीला अख्ख्या वस्तीच्या सोयींची वाट पाहावी लागते. धोरणासाठी हा भेद लाखमोलाचा आहे. नावांचेही तसेच. ब्राझीलची जनगणना संस्था अनेक दशके अशा वस्त्यांना ‘अवसामान्य समूह’ म्हणत असे. तिथल्या रहिवाशांशी आणि अभ्यासकांशी चर्चा करून २०२४ मध्ये तिने ‘फावेला आणि नागरी समुदाय’ हे नाव स्वीकारले.

डेन्मार्कने १९८१ मध्ये दारोदार न जाता केवळ नोंदवह्यांवरून पूर्ण जनगणना केली आणि नंतर इतर देशही त्या वाटेने गेले. इमारतींची नोंदवही अद्ययावत असेल तर ही रीत स्वस्त आणि जलद पडते. परवान्याविना उभी राहिलेली खोली मात्र अशा नोंदवहीत नसते, ती प्रगणकाच्याच नजरेला पडते.

व्याख्या बदलली की जुन्या-नव्या आकड्यांची साखळी तुटते. अमेरिकेत शंभर वर्षे शहरासाठी किमान २,५०० लोकसंख्या पुरेशी होती. २०२० च्या जनगणनेसाठी ती अट ५,००० माणसे किंवा २,००० घरे अशी केली गेली. त्या दशकात तिथल्या नागरी भागांतली माणसे ६.४ टक्क्यांनी वाढली, तरी देशाच्या लोकसंख्येतला नागरी वाटा ८०.७ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर उतरला.