आधी रिप की आधी मांडणी : छापखान्यातल्या वर्कफ्लो सेटिंगची पार्श्वभूमी

वर्कफ्लो सॉफ्टवेअर (ग्राहकाच्या फाइलपासून प्लेटपर्यंतची कामं सांभाळणारं) बसवताना प्री-प्रेसमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या विभागात, एका प्रश्नावर हमखास वाद होतो. ग्राहकाची फाइल ठिपक्यांत कधी उतरवायची, म्हणजेच ‘रिप’ कधी करायची? पानं फर्म्यात (एका मोठ्या कागदावर एकत्र छापायच्या पानांच्या मांडणीत) बसवण्याआधी की बसवल्यानंतर? सॉफ्टवेअरमध्ये हा पर्याय एका साध्या खुणेएवढा दिसतो, पण तो चुकला तर पुढची निम्मी सेटिंग चुकते.

फिल्मच्या काळात हा प्रश्न नव्हता. पानाचं वर्णन करणारी पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८४ मध्ये आली, तरी बहुतेक ठिकाणी इमेजसेटरमधून (फिल्म काढणाऱ्या यंत्रातून) सुटी पानं निघत आणि मांडणी काचेच्या टेबलावर हातानं होई. एखादी ओळ चुकली तर फिल्मचा तेवढाच तुकडा कापून नवा चिकटवत. १९९५ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या मुद्रण प्रदर्शनात थेट प्लेट काढणारी यंत्रं मोठ्या संख्येनं दिसली. फिल्म हटली आणि तिच्यासोबत ही शेवटची दुरुस्तीची जागाही गेली. तिथून दोन पक्ष पडले.

पहिला पक्ष म्हणत होता, एकदाच रिप करा आणि तेच ठिपके प्रूफला (मंजुरीच्या नमुन्याला) आणि प्लेटला पाठवा. तेव्हाच्या परिस्थितीत हे बरोबरच होतं. एकच पोस्टस्क्रिप्ट फाइल दोन रिपमधून काढली की एकात फाँट बदले, दुसऱ्यात ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्यावरच छापणं) उडे. मग ग्राहकानं सही केलेल्या प्रूफला अर्थ उरत नसे. किंमत मात्र जबर होती. १०३० × ७९० मिमीची प्लेट २४०० डीपीआयला (इंचाला २४०० ठिपके) म्हणजे दर रंगाला सुमारे ९०० एमबी, चार रंगांना साडेतीन जीबीहून जास्त. कॉम्प्रेशनने आकडा खाली येई, तरी त्या वेळच्या नेटवर्कला तो पेलणं कठीणच. शिवाय त्या ठिपक्यांत स्क्रीन (ठिपक्यांची जाळी), तिचे कोन आणि प्लेटची कर्व्ह (ठिपका किती लहान-मोठा करायचा ती दुरुस्ती) गोठलेली असते. आर्ट पेपरसाठी काढलेलं काम ऐनवेळी मॅपलिथोवर (चकाकी नसलेल्या साध्या कागदावर) गेलं तर ठिपका जास्त पसरतो, मधले टोन काळवंडतात आणि पुन्हा रिप करण्यावाचून मार्ग राहत नाही.

दुसऱ्या पक्षाचं म्हणणं असं की, आलेलं प्रत्येक पान आधी शुद्ध पीडीएफमध्ये आणा, मांडणी पीडीएफचीच करा आणि रिप अगदी शेवटी, यंत्र आणि कागद ठरल्यावर करा. दिशा हीच योग्य होती. पण ती नीट चालायला एक दशक लागलं, कारण मध्ये ट्रान्सपरन्सी, म्हणजे अर्धपारदर्शक सावल्या-चौकटींची सोय, आली.

२००१ मध्ये दोन गोष्टी जवळजवळ एकत्र घडल्या. पीडीएफ १.४ ने ट्रान्सपरन्सी आणली आणि त्याच वर्षीच्या, छपाईच्या फाइलींसाठीच्या पीडीएफ/एक्स-१ए मानकानं तिला मनाई केली. एक्स-१एमध्ये आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा रंग) नाही, ट्रान्सपरन्सी नाही, फाँट फाइलमध्येच हवेत. छापखान्यांना ते फार आवडलं, कारण फाइल जशी येते तशी छापली जाते. पण २००२ पासून पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये सावल्या आणि अर्धपारदर्शक चौकटी सर्रास येऊ लागल्या, आणि एक्स-१ए काढताना त्या डिझायनरच्याच संगणकावर सपाट होऊ लागल्या, म्हणजे खालच्या भागात मिसळून साध्या अपारदर्शक तुकड्यांत मोडल्या जाऊ लागल्या. सपाटीकरणात सावलीखाली आलेला मजकूर फाँट राहत नाही. त्याची बाह्यरेषा होते किंवा चित्र होतं. पोस्टस्क्रिप्टच्या नियमानं बाह्यरेषा भरताना स्पर्श झालेला प्रत्येक पिक्सेल रंगतो, म्हणून ६०० डीपीआयच्या डिजिटल यंत्रावर शिरोरेषा जाड होते आणि बारीक टाइपातला रफार-अनुस्वार भरून येतो. तेही ओळीच्या निम्म्या भागात, सावली जिथवर पोचते तिथवरच. २४०० डीपीआयच्या प्लेटवर हे सहसा दिसत नाही, म्हणून ऑफसेटवाले आणि डिजिटलवाले एकाच फाइलबद्दल वर्षानुवर्षं वेगवेगळं बोलत राहिले. दुसरा दोष याहून महागात पडतो. ट्रान्सपरन्सीची मिश्रण-जागा (रंग मिसळताना वापरायची रंगपद्धत) आरजीबी राहिली तर सपाटीकरणात निव्वळ काळा मजकूर चार रंगांत फुटतो आणि रजिस्टर (रंगांची एकमेकांवरची नेमकी बैठक) केसभर हललं की अक्षराला रंगीत कड येते.

२००६ मध्ये ट्रान्सपरन्सी थेट समजणारी रिप इंजिनं आली, २००८ मध्ये ट्रान्सपरन्सी तशीच राहू देणारं पीडीएफ/एक्स-४ मानक आलं. जुनं रिप हे एकच कारण सोडलं तर आधी सपाट करण्याचं कारण तिथं संपलं. तरीही कित्येक छापखान्यांच्या इनपुट प्रोफाइलमध्ये आजही एक्स-१एच भरलेलं दिसतं, कारण ते २००५ च्या साच्यातून पुढे आलेलं असतं. नवं सॉफ्टवेअर घेऊन त्यात तो साचा ओतणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

जॉब टिकेटचा, म्हणजे कामाच्या सूचना यंत्रांपर्यंत नेणाऱ्या फाइलीचा, इतिहास याला समांतर चालतो. १९९० च्या दशकात पानाच्या सुमारे ५० डीपीआयच्या प्रतिमेवरून शाईच्या चाव्या (कागदाच्या प्रत्येक पट्ट्याला किती शाई जायची ते ठरवणाऱ्या) आधीच लावण्याची पद्धत निघाली. चावीचा पट्टा साधारण ३२.५ मिमी, सुरुवातीचे वाया जाणारे कागद यानं खरोखर कमी झाले. २००१ च्या जेडीएफ या जॉब टिकेटच्या मानकानं बिलापासून बायंडिंगपर्यंत सगळं एका एक्सएमएलमध्ये बांधायचं ठरवलं. प्रत्येक उत्पादकानं त्यात आपले खासगी भाग घातले, त्यामुळे ‘जेडीएफ चालतं’ एवढ्या आश्वासनावर यंत्र घेऊ नये. २०१८ ची सुटसुटीत आवृत्ती, एक्सजेडीएफ, त्याच गुंत्यावरचा उपाय आहे.

या सगळ्यातून आजची सेटिंग कशी लावायची? पुस्तकाचा छापखाना असेल तर इनपुटला एक्स-४, फर्मा पीडीएफमध्ये, रिप शेवटी. पिन बायंडिंगला क्रीपची (घडीत आतली पानं बाहेर सरकण्याची) भरपाई कागदाच्या जाडीवरून, ठोकताळ्यानं नाही. दिवाळी अंकात मुखपृष्ठ-जाहिराती आर्ट पेपरवर आणि मजकूर मॅपलिथोवर, म्हणून दोन स्वतंत्र रांगा कराव्यात आणि कर्व्ह यंत्राच्या जोडीनं कागदालाही बांधावी. उशिरा येणाऱ्या जाहिरातींत पांढऱ्या अक्षरांना चुकून ओव्हरप्रिंट लागलेला असतो आणि ती प्लेटवर गायब होतात. प्रीफ्लाइटमध्ये (फाइलीच्या आपोआप होणाऱ्या तपासणीत) ‘पांढरा ओव्हरप्रिंट काढा’ ही दुरुस्ती कायम चालू हवी.

लग्नपत्रिकांच्या कामात जुने, युनिकोड नसलेले देवनागरी फाँट येतात. सारख्या नावाच्या दोन आवृत्त्यांत अक्षरांची जागा वेगळी असू शकते, म्हणून फाँट नसलेली फाइल आपोआप पुढे न सरकता थांबली पाहिजे. सोनेरी स्पॉट रंग (स्वतंत्र शाईनं छापायचा रंग) दोन नावांनी आला तर दोन प्लेटा निघतात. त्या नावांची जुळणी एकदाच करून ठेवावी. डिजिटलच्या हॉट फोल्डरमध्ये (टाकलेली फाइल आपोआप छपाईला नेणाऱ्या फोल्डरमध्ये) फाइल पूर्ण कॉपी होण्याआधीच उचलली जाते आणि शेवटची पानं कोरी येतात. आकार १०–१५ सेकंद स्थिर राहिल्यावरच उचल, ही अट घालावी.

वृत्तपत्रात मात्र पहिल्या पक्षाचं म्हणणं अजून टिकून आहे. कागद एक, चारही रंग मिळून एकूण शाईची मर्यादा २४० टक्क्यांच्या आसपास, वेळ मिनिटांत मोजलेला. सगळ्या केंद्रांवर सारखी यंत्रं असतील तर एकदाच रिप करून ठिपके पाठवणं तिथं रास्त आहे. बाकी ठिकाणी पुनर्मुद्रणासाठी जपायची ती शुद्ध पीडीएफ आणि जॉब टिकेट. १-बिट फाइली, म्हणजे रिप झालेले ठिपके, बायंडिंगची मोजणी पुरी झाली की काढून टाकाव्यात, नाहीतर पुढच्या आवृत्तीला कुणीतरी जुन्या कर्व्हची प्लेट काढतोच.