मल्टिपल स्क्लेरोसिस : मेंदूची प्रतिमा आणि ऊतींतील बदल

मल्टिपल स्क्लेरोसिस या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांमधील तंतूंभोवतीच्या मायलिन या स्निग्ध आवरणावरच उलटते व जागोजागी घट्ट चट्टे पडतात. फ्रेंच वैद्य झां-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या चट्ट्यांचे सविस्तर वर्णन केले. जिवंत रुग्णात ते नीट दिसू लागले ते मात्र 1981 पासून, एमआरआयमुळे.

एमआरआयवरील पांढरा डाग म्हणजेच झडलेले मायलिन, असे मानले जाते ते तितकेसे बरोबर नाही. टी-2 आणि फ्लेअर या एमआरआयच्या प्रकारांतील प्रतिमांत उजळते ते ऊतीत वाढलेले पाणी. ते सुजेमुळे साचले, मायलिन गेल्यामुळे की तंतूच तुटल्यामुळे, हे नुसत्या डागावरून कळत नाही. ताज्या चट्ट्यात रक्त आणि मेंदू यांमधला अडसर सैल झालेला असल्याने शिरेतून दिलेले गॅडोलिनियम हे प्रतिमा उजळवणारे द्रव्य तेथे झिरपते व चट्टा साधारण 2 ते 6 आठवडे चमकतो. पुढे सूज ओसरते, काही तंतूंवर मायलिनचा पातळ थर पुन्हा चढतो, आणि जेथे तंतू नष्ट झाले तेथे टी-1 प्रतिमेत कायमची ‘काळी भोके’ उरतात. मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, बहुतेक चट्टे नेहमीच्या प्रतिमेत दिसतच नाहीत; डाग मोजके असूनही रुग्ण बराच अधू झालेला आढळतो, त्याचे हे एक कारण होय.

हा विकार विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशांत अधिक आढळतो, आणि गोवा सुमारे 15 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे विषुववृत्ताच्या बराच जवळ आहे. त्यामुळे बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) काय किंवा म्हापसा-मडगावच्या खासगी केंद्रात काय, अहवालात पांढरे डाग आले म्हणून लगेच या विकाराचे नाव घेणे योग्य नाही. साठी उलटलेल्या, रक्तदाब वा मधुमेह असलेल्या व्यक्तीत ते बहुधा बारीक रक्तवाहिन्यांच्या आजाराचे असतात. 2001 मध्ये आलेल्या, या विकाराच्या निदानासाठीच्या मॅकडॉनल्ड निकषांनीही चट्टे वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या वेळी पडल्याचा पुरावा मागितला (2024 च्या सुधारणेत वेळेची अट सक्तीची राहिली नाही), आणि दुसरे कारण नाही याची खात्रीही. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका या जवळच्या विकारात मज्जारज्जूतील चट्टा अनेकदा 3 किंवा अधिक मणक्यांएवढा लांब असतो. तो वेळीच ओळखावा लागतो, कारण मल्टिपल स्क्लेरोसिसवरील इंटरफेरॉन-बीटासारखी औषधे त्यात अपाय करू शकतात.