अमली पदार्थांचे पूर्वसेवन आणि अमेरिकेतील सिक्युरिटी क्लिअरन्स : पार्श्वभूमी

अमेरिकी सरकारची गोपनीय माहिती हाताळण्याची परवानगी, म्हणजेच सिक्युरिटी क्लिअरन्स, मागणाऱ्या व्यक्तीने पूर्वी कधी अमली पदार्थ घेतले असतील तर तिच्यावर विश्वास टाकावा का, या प्रश्नाकडे पाहण्याची तिथली दृष्टी सत्तर वर्षांत बरीच बदलली आहे. एप्रिल १९५३ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन भरात, अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी काढलेल्या १०४५० क्रमांकाच्या आदेशाने अमली पदार्थांचे व्यसन गुन्हेगारी वर्तन, अतिमद्यपान आणि 'लैंगिक विकृती' यांच्या पंक्तीत बसवले. १९७० च्या कायद्याने गांजाला हेरॉइनसोबत सर्वांत कडक वर्गात टाकले आणि १९८६ मध्ये रेगन यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांना कामाच्या वेळेबाहेरही अशा सेवनास मनाई केली.

खरे वळण १९९५ मध्ये क्लिंटन यांच्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशानंतर आले. त्यापाठोपाठ १९९७ मध्ये ठरलेल्या निकषांनुसार, आणि आज लागू असलेल्या २०१७ च्या निकषांनुसारही, सेवन किती जुने, किती वेळा, कोणत्या परिस्थितीत झाले आणि ते पुन्हा होण्याची शक्यता कितपत आहे, हे पाहून संपूर्ण व्यक्तीचा विचार केला जातो. किती महिने वा वर्षे लोटली म्हणजे पुरे, याचा ठरावीक आकडा या निकषांत नाही, आणि ते योग्यच आहे. संसदेने २००८ मध्ये सर्व खात्यांना लागू केलेली सक्तीची बंदीदेखील सध्या बेकायदा सेवन करणाऱ्यांपुरती आणि व्यसनाधीनांपुरतीच आहे.

बहुतेक अर्जदारांची खरी कसोटी एसएफ-८६ या प्रदीर्घ अर्जाच्या २३ व्या विभागात लागते. तिथे मागील सात वर्षांतील सेवनाची माहिती विचारली जाते. क्लिअरन्स हाती असताना केलेल्या सेवनाला मात्र काळाची मर्यादा नाही. खरे उत्तर पुढे फौजदारी खटल्यात अर्जदाराविरुद्ध पुरावा म्हणून वापरले जाणार नाही, अशी हमी अर्जातच दिलेली असते. उलट जाणूनबुजून खोटे लिहिणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे आणि क्लिअरन्स नाकारण्याचे ते स्वतंत्र कारणही ठरते. त्यामुळे महाविद्यालयीन दिवसांत एक-दोनदा ओढलेल्या गांजापेक्षा तो लपवणे अर्जदाराला कितीतरी महाग पडू शकते, हे नवख्या अर्जदारांना कोणीतरी वेळीच सांगायला हवे.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०१२ मध्ये हौसेखातर गांजा घेण्यास मुभा दिल्यावर गोंधळ वाढला. तेव्हा राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक जेम्स क्लॅपर यांनी २०१४ मध्ये स्पष्ट केले की, राज्यांचे कायदे बदलले तरी क्लिअरन्ससाठी केंद्राचाच कायदा प्रमाण मानला जाईल. डिसेंबर २०२१ मध्ये त्याच पदावरून ॲव्हरिल हेन्स यांनी गांजाचे पूर्वसेवन विचारात घेण्याजोगे असले तरी तेवढ्यावरूनच निर्णय होऊ नये, असे सर्व खात्यांना कळवले. एसएफ-८६ वर सही केल्यापासून पुढे मात्र गांजापासून दूर राहावे, अशी सूचना अर्जदारांना द्यावी, असेही त्याच पत्रात म्हटले होते.